समोरची तीन घरं

उएनो सोडून शिनकानसेन बोगद्यातून उजेडात आली तेव्हा कौमुदीनं पित्ताची गोळी शोधायला म्हणून अंबरीषची सॅक पायाशी ओढली. तो टॉयलेटला गेला होता. गोळ्या नेहमी वरच्या कप्प्यात असत, तिथं नव्हत्या, म्हणून तिनं मधली चेन उघडली. आत टॉवेल होते. पाच. एकावर एक नीट रचलेले, प्रत्येकाभोवती पांढरा कागद, कागदावर छापलेली लाल-पांढरी गाठ आणि गाठीखाली जपानी अक्षरांत त्यांचं आडनाव, चिटणीसचं झालेलं चितोनिसु. चार दिवसांच्या सुट्टीला निघालेला माणूस टॉवेल बरोबर घेईल, अगदी पाचही घेईल, पण त्यांच्यावर आडनाव छापून घेणार नाही. जपानात असे टॉवेल एकाच वेळी देतात, नव्या घरात राहायला गेलं की. समोरची तीन घरं आणि दोन बाजूंची दोन, अशा पाच दारांत जाऊन वाकायचं, दोन्ही हातांनी टॉवेल पुढे करायचा आणि म्हणायचं, आम्ही आलोय, तुम्हाला त्रास होईल, सांभाळून घ्या. हे कौमुदीला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. मग तिनं नुसतं म्हटलं असतं, टॉवेल कशाला रे एवढे. तिनं चेन लावली, सॅक होती तशी मागे सरकवली आणि गोळी न घेताच डोळे मिटून बसली.

या टॉवेलांवरून तिची एकदा चांगलीच फजिती झाली होती. लेक नेत्रा तेव्हा कडेवर होती. पुण्याहून टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या सातव्या मजल्यावर राहायला आले तेव्हा ऑफिसातल्या विश्वनाथनं सांगितलं, शेजाऱ्यांकडे टॉवेल वगैरे काहीतरी घेऊन जायचं असतं वहिनी, नाहीतर नावं ठेवतात. टॉवेल कसले वाटायचे, आपली काय लाँड्री आहे, म्हणून तिनं रव्याचे लाडू वळले. शंभर येनच्या दुकानातून खोक्यांना बांधायला कागद आणले. लाल-पांढऱ्या गाठीचे होते तेही, पण तिला काळी-पांढरी गाठ जास्त सोबर वाटली. नेत्राला कडेवर घेऊन तिनं हसतमुखानं समोरचं दार वाजवलं, आणि समोरची बाई खोक्याकडे बघून पांढरीफटक पडली. तोंडावर हात ठेवून तिनं हळूच काहीतरी विचारलं. घरात कोण कोण आहे असं विचारत असणार, असं वाटून कौमुदीनं स्वतःकडे बोट दाखवलं, नेत्राकडे दाखवलं, आणि ‘अँड हजबंड’ म्हणाली. काळी-पांढरी गाठ मयताची असते, आणि बाईनं विचारलं होतं, कोण गेलं? संध्याकाळी विश्वनाथनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तो हसून हसून बेजार झाला होता. पुढे कित्येक वर्षं गणपतीच्या जेवणात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात हा किस्सा चवीनं सांगितला गेला, आणि सांगणारा नेहमी अंबरीष असायचा. हात दाखवून अवलक्षण, असा तो शेवट करायचा. कौमुदी हसायची. पण त्या दिवशी उरलेले खोके सोडता सोडता तिनं ठरवलं होतं, की या देशात आपण पुन्हा असं मुक्यासारखं बोट दाखवायचं नाही.

ती शिकली. आधी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरवर पार्टटाइम करताना, मग वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गात, मग एकेक परीक्षा देत. अंबरीष शिकला नाही. त्याचं कावासाकीचं ऑफिस इंग्रजीवर चालायचं, आणि घरी ती होतीच. ‘एकाला येतंय ना घरात, बास झालं,’ तो म्हणायचा. शाळेच्या मीटिंगा, गॅसवाला, कचरा चुकीच्या दिवशी ठेवला म्हणून वर येऊन वाकून वाकून भांडणारा खालचा म्हातारा, सगळे तिच्या तोंडून जायचे. अंबरीषची दाढ दुखली तर खुर्चीत आ करून तो पडलेला असायचा आणि उजवीकडची शेवटची, थंड पाणी लागलं की ठणकते, हे ती सांगत असायची. त्याची दाढ कुठली हे त्याच्याआधी तिला कळायचं. आता डोळे मिटून बसल्यावर तिला वाटलं, हे टॉवेल त्यानं छापून आणले कसे? दुकानात कुणाशी काय बोलला? एवढी एक गोष्ट त्यानं तिच्यावाचून केली होती, आणि तीच ही होती.

‘झोपलीस?’ तो परत आला होता. हातात कॉफीचे दोन कप, आणि चक्क गुणगुणत होता.

‘नाही.’

‘गोळी घेतलीस का?’

‘सापडली नाही.’

‘अगं, शर्टाच्या खिशात आहे माझ्या. सॅकमध्ये नव्हतीच ती,’ तो म्हणाला, आणि मग थोडं थांबून, ‘बघितलीस का सॅकमध्ये?’

‘वरच्या कप्प्यात बघितलं फक्त,’ कौमुदी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण जमलं.

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला तिनं पाहिला आणि तिला त्याची कीव आली, मग स्वतःचा राग आला. तो खूष होता, आणि हिवाळ्यापासून पहिल्यांदा होता. खिडकीबाहेर भातखाचरांत पाणी भरलेलं होतं आणि तो लहान मुलासारखा कपाळ काचेला टेकवून बघत होता. जानेवारीत एका संध्याकाळी तो उशिरा घरी आला होता. बूट काढता काढता म्हणाला, ‘आज कावासाकीला तीन गाड्या सोडल्या. चढवेचना.’ ती कांदा चिरत होती. ‘गर्दी असेल,’ ती म्हणाली. ‘गर्दी नव्हती,’ तो म्हणाला. आणि मग ती म्हणाली होती, ‘कोथिंबीर आणलीस का?’ त्यानं आणली होती. जुडी ओट्यावर ठेवून तो आंघोळीला गेला. यात काही बोलण्यासारखं आहे हे त्या वेळी तिच्या ध्यानातही आलं नाही. आठवड्यानं कधीतरी, ती स्वतः प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या रेघेमागे उभी असताना, एकदम आलं आणि ती चार पावलं मागे सरकली. त्यानंतर तिनं त्याला विचारलं नाही. विचारलं की गोष्ट खरी होते, अशी काहीतरी तिची समजूत असावी. ती त्याच्याकडे बघत राहिली, डब्यात गाजराची कोशिंबीर जास्त द्यायला लागली, रविवारी त्याला नदीकाठी फिरायला न्यायला लागली. एप्रिलमध्ये नेत्रा ओसाकाला कॉलेजला गेली आणि घरात दोघांनाच ऐकू येईल एवढी शांतता झाली, आणि एके दिवशी तोच म्हणाला, गोल्डन वीकच्या सलग सुट्टीत चार दिवस कुठंतरी आत जाऊ, डोंगरात, जिथं कुणी जात नाही अशा ठिकाणी. तिला इतकं बरं वाटलं होतं. सगळं बुकिंग मी करतो, तू काही बघू नकोस, तो म्हणाला, तेव्हाही बरंच वाटलं होतं.

आणि तिच्याकडेही एक बातमी होती. ती याच सुट्टीसाठी राखून ठेवली होती. स्टेशनजवळच्या लहान मुलांच्या दवाखान्यात ती चार वर्षं दुभाषी होती, तासावर. पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या बायका तापलेली पोरं घेऊन यायच्या, आणि ती डॉक्टरांच्या आणि त्यांच्यामध्ये बसायची. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावून विचारलं होतं, कायमची होशील का? पगार, रजा, स्वतःचं टेबल. कौमुदीनं श्वासही न घेता हो म्हटलं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणी टेबल देईल असं तिला वाटलं नव्हतं. त्या कामाचा एक नियम तिला फार आवडायचा. मध्ये आपलं काही घालायचं नाही, गाळायचं नाही, आणि बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘मला काल रात्रभर झोप नाही, माझं बाळ दूध ओढत नाही,’ असं ती दिवसभर दुसऱ्यांच्या वतीनं म्हणायची आणि संध्याकाळी हलकी होऊन घरी यायची. डोंगरात पहिल्या संध्याकाळी चहा पिताना सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. आता तिला कळेना, की पाच टॉवेलांच्या शेजारी ती बातमी ठेवायची कुठं.

मोरिओकाला गाडी बदलली. पुढची गाडी एका डब्याची, डिझेलची, आणि डब्यात पाचसहा म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. डोंगरांवर अजून बर्फाचे पट्टे होते. टोकियोत महिन्यापूर्वी झडलेला साकुराचा बहर इथं आत्ता कुठं गळत होता. अंबरीष दर स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचत होता, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखा, आणि ती न राहवून दुरुस्त करत होती. कामिनासावाला उतरले तेव्हा स्टेशनात कुणी नव्हतं. तिकिटं टाकायला एक लाकडी पेटी होती. बाहेर एक लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना पडदे ओढलेली दुकानं. भर दुपारी, सुट्टीच्या दिवशी, रस्त्यात एक मांजर सोडून काही हलत नव्हतं. ‘ऐक,’ अंबरीष थांबून म्हणाला. ‘काय?’ ‘काहीच ऐकू येत नाहीये.’ हे त्यानं अशा तोंडानं सांगितलं, की तिला टॉवेलांचं क्षणभर विसरायला झालं.

हॉटेल नव्हतं, घर होतं. किल्ली पत्रपेटीत होती आणि ते त्याला माहीत होतं. मोठं जुनं लाकडी घर, चटयांच्या सहा खोल्या, रॉकेलच्या शेगडीचा आणि कोंडलेल्या गवताचा वास. एका खोलीत भिंतीवर देव्हारा काढून नेल्याची फिकट चौकट राहिली होती. कौमुदी त्या चौकटीसमोर उभी राहिली, तिला तिथं पाठ करून उभं राहवेना. अंबरीष दारं सरकवत पुढे पुढे जात होता आणि घर दाखवत होता, आणि ते तो पाहुण्यासारखा दाखवत नव्हता. ‘इथं डेस्क बसेल. इथून डोंगर दिसतो बघ. आणि ही तुझी खोली होऊ शकते.’

‘होऊ शकते म्हणजे?’

‘म्हणजे, चार दिवस,’ तो म्हणाला आणि खिडकी उघडायला लागला. खिडकी हलली नाही, पण तो ओढत राहिला.

कौमुदीनं घराचा फोटो काढून नेत्राला पाठवला, पोचलो म्हणून. नेत्राचं उत्तर नेहमीसारखं जपानीतून, लगेच आलं. वा, फोटोत दिसलं त्यापेक्षा मोठं आहे की. बाबा बोलला ना शेवटी? कौमुदी फोन हातात धरून चटईवर बसली. बोलला ना शेवटी. म्हणजे मुलीला माहीत होतं, फोटो पाहिलेले होते, बापलेकीनं त्यावर बोलणंसुद्धा केलं होतं, बहुधा आईला कसं सांगायचं यावरच. घरचं म्हातारं माणूस आजारी असलं की त्याच्यापासून रिपोर्ट लपवतात तसं. तिला रागापेक्षा लाज जास्त वाटली. आपण एवढ्या अवघड आहोत का, असं तिच्या मनात आलं.

तो आला तेव्हा त्याच्या हातात टॉवेल होते, पाचही. नवा शर्ट घातला होता. ‘चल, जरा शेजाऱ्यांना भेटून येऊ. पद्धत असते ना इथं.’

‘ही पद्धत तू मला शिकवणार?’ कौमुदी म्हणाली. ‘अंबरीष, आपण इथं कशाला आलोय?’

तो दारातच बसला. मग भडाभडा बोलला. गावातली माणसं संपत चाललीयेत, म्हणून गावचं ऑफिस रिकामी घरं देतं, आधी चार दिवस राहून बघा म्हणतं. कंपनी पूर्ण रिमोट द्यायला तयार आहे. ‘फक्त बघायचं होतं गं. कमिटमेंट काही नाही. मला तिथं श्वास पुरत नाही, कौमुदी. सकाळी बूट घातले की पुरत नाही. हे फोटो बघायला लागल्यापासून जरा बरं वाटतं.’

‘नेत्राला सांगितलंस.’

‘तिच्याशी सहज बोललो.’

‘आणि मला?’

‘तू नाही म्हणाली असतीस,’ अंबरीष म्हणाला. यात काही वावगं आहे असं त्याला वाटलेलं दिसलं नाही. पाऊस येणार होता म्हणून छत्री घेतली, तसं त्यानं हे सांगितलं होतं.

माझं तिथं टेबल आहे, हे तिच्या ओठावर आलं होतं. पण त्याचे डोळे ओले होते आणि टॉवेल मांडीवर सरळ रचलेले होते, आणि ती उठून पायात चपला सरकवू लागली. का, हे तिचं तिलाच उमगलं नाही. दारं वाजवायची म्हणजे बोलायला कुणीतरी लागणार, एवढ्या सवयीवरच बहुतेक ती गेली.

समोर घरं तीनच होती, मोजून घेतल्यासारखी. पहिल्याच्या बेलचा आवाज आत घुमला. अंबरीष टॉवेल दोन्ही हातांत आडवा धरून थोडा वाकून उभा राहिला. पत्रपेटीच्या फटीतून वेल बाहेर येऊन दारावर चढली होती, ती त्यालाही दिसत असणार. पण तो थांबला, पुन्हा बेल वाजवली, पुन्हा थांबला. दुसऱ्या घराचं छप्पर एका बाजूनं बर्फानं बसलेलं होतं. तिथंही त्यानं हाक दिली, ‘सुमिमासेन,’ आणि मान तिरकी करून कानोसा घेतला. तिसऱ्याला पडदे स्वच्छ होते, अंगणात ट्यूलिप होते, पण नावाची पाटी उचकटलेली होती. तिथं तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. कौमुदी रस्त्यात उभी होती. कुणी नाहीये रे, चल, हे एवढं सोपं वाक्य, पण तिला ते बोलवेना; दवाखान्यात एखाद्या आईला डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नसतं आणि आपल्याला कळलेलं असतं, तसं तिला झालं. टोकियोच्या नियमानं निघालेला हा माणूस, नियमाला इथं दारं पुरत नव्हती. शेवटी त्यानं तिसऱ्या घराच्या कडीला टॉवेल अडकवला. मग मागे येऊन दुसऱ्याच्या, मग पहिल्याच्या. ‘येतील कधीतरी,’ तो म्हणाला. कौमुदीला त्या क्षणी त्याची खरीखुरी भीती वाटली. कावासाकीच्या तीन गाड्यांची वाटली होती, तीच.

डाव्या बाजूला घराचा नुसता पाया होता. खांबावरच्या भोंग्यातून पाच वाजल्याचं गाणं लागलं, कुठल्यातरी बालगीताची चाल, आणि पाठोपाठ एक बाई सावकाश काहीतरी सांगू लागली. ‘किती छान ना,’ अंबरीष म्हणाला. ‘सगळ्या गावाला एकदम.’

‘अस्वल दिसलंय म्हणतायत. शाळेमागे. संध्याकाळी बाहेर पडू नका.’

‘म्हणजे शाळा आहे इथं!’

‘जुन्या शाळेमागे म्हणाले, अंबरीष. बंद झालेल्या.’

उजवीकडच्या घरात मात्र माणूस होतं. इवाबुची-सान ऐंशीच्या पुढच्या, कमरेत पार वाकलेल्या, हातात भाजीची टोपली. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेऊन कपाळापर्यंत नेला आणि त्यांचे डोळे भरून आले. समोरच्यांचं एकेक सांगायला लागल्या, कोण सेंदाईला मुलाकडे गेलं, कोण वारलं. बोली जड होती, कौमुदीला कान देऊन ऐकावं लागत होतं. तुमच्याआधीही एक जोडपं येऊन गेलं, त्या म्हणाल्या, टोकियोजवळच्या सायतामाचं. मिस्टरांना फार आवडलं होतं. बाई पहिल्या बर्फाच्या आधीच परत गेली, मग तेही कुठं दिसेनात. आणि त्यांनी टोपलीतले नेच्याचे हिरवे कोवळे आकडे ओंजळीनं कौमुदीच्या हातात घातले.

‘काय म्हणाल्या?’ अंबरीषनं विचारलं. तो हसत होता, म्हातारीकडे बघून मान हलवत होता.

‘उकडून खा म्हणतायत,’ कौमुदी म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा कुणाचं बोलणं गाळलं होतं. घरी येऊन तिनं भाजी धुतली, पाणी आधणाला ठेवलं, आणि आपण हे त्याच्यासाठी केलं की आपल्यासाठी, हे ती ठरवू लागली. त्याच्यासाठी म्हणावं, तर सायतामाच्या त्या बाईचं ऐकून तिला बरं वाटलं होतं, कुणीतरी आधी परत गेलेलं आहे म्हणून. आपल्यासाठी म्हणावं, तर मग सांगायलाच हवं होतं. बाहेर अंबरीष शेगडीशी खटपट करत होता आणि पुन्हा गुणगुणत होता. तिला वाटलं, माणसाला श्वास पुरत नाही म्हटल्यावर बायको काय करते? बरोबर जाते. तिची आई गेली असती, सासूबाई गेल्या असत्या, ती स्वतः पुण्याची नोकरी सोडून सातव्या मजल्यावर आलीच होती. मग यावेळीच पाय का अडतोय? एका टेबलासाठी? टेबल हे कारण कुणाला सांगितलं तर हसतील लोक. पण त्या टेबलाजवळ बसलेली कौमुदी तिला आवडत होती, आणि अशी कौमुदी तिला फार वर्षांनी भेटली होती. तिला सोडून यायचं म्हणजे या सहा खोल्यांत दुसरंच कुणीतरी राहायला येईल, आणि ते अंबरीषच्याही उपयोगाचं असणार नाही.

दिवे लावायच्या सुमाराला गावच्या ऑफिसातले ओइकावा-सान आले. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, सुट्टीच्या दिवशीही टाय. सफरचंदाच्या रसाची बाटली पुढे करून ते दारातल्या पायरीवरच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. अंबरीष त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि कौमुदी मध्ये, सवयीनं, दोघांपासून सारख्या अंतरावर. हिवाळ्यात रोज बर्फ काढावं लागतं, ओइकावा-सान म्हणाले. ‘काढीन म्हणावं. व्यायाम होईल.’ मोठं हॉस्पिटल दीड तासावर आहे. ‘चालेल.’ वर्षातून दोनदा सगळ्या गावानं मिळून गवत कापायचं असतं, देवळाची साफसफाई असते, अग्निशमनाच्या तुकडीत तरुण माणसं नाहीत, चिटणीस-सान येतील का? ‘सांग ना, मला आवडेल. खूप आवडेल.’ कौमुदी सांगत होती. मी बर्फ काढीन, मला आवडेल, मला खूप आवडेल. तिच्या तोंडून ते वाक्य स्वच्छ, वाकून, अगदी दवाखान्यातल्यासारखं निघत होतं, आणि ओइकावा-सान तिच्याकडे बघून मान डोलवत होते, कारण ऐकू येणारं हे ‘मला’ तिच्याच आवाजातलं होतं. आपल्याच तोंडानं आपलं सामान बांधलं जातंय असं तिला वाटलं.

मग ओइकावा-सान थांबले. बाटली थोडी बाजूला सरकवली आणि म्हणाले, एक विचारायचं राहिलं. माफ करा. बाईसाहेबांना स्वतःला काय वाटतं?



‘काय म्हणाले?’ अंबरीष.

‘मला काय वाटतं, असं विचारतायत.’

‘मग सांग ना,’ तो उत्साहानं म्हणाला, ‘आम्हाला दोघांनाही आवडलंय म्हणून.’

कौमुदी ओइकावा-सानकडे वळली. मला टोकियोत काम आहे, ती म्हणाली. मागच्याच आठवड्यात ते कायमचं झालं. ते मला फार आवडतं. मी इथं राहायला येणार नाही. एवढं घर दाखवलंत, माफ करा. ते बोलून झाल्यावर तिला कळलं की बातमी सांगून झाली होती, आणि ती पहिल्यांदा ऐकणारा हा अनोळखी टायवाला माणूस होता. ओइकावा-साननी नजर खाली केली आणि बसल्या बसल्या वाकले. ‘अभिनंदन,’ ते हळूच म्हणाले.

‘एवढा वेळ काय सांगत होतीस?’

जपानीत वाक्याच्या भोवती किती तरी माफ्या गुंडाळता येतात. मराठीत ते उघडंच निघालं. ‘मी येणार नाही म्हणून सांगितलं. मला पर्मनंट केलंय दवाखान्यात. तुला इथं सांगणार होते.’

तो चिडेल, किंवा आपण नंतर बोलू म्हणेल, किंवा हसून ओइकावा-सानना काही खुणावेल, अशी ती वाट बघत राहिली. त्यानं यातलं काही केलं नाही. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, पाठ सरळ केली आणि ओइकावा-सानकडे बघून जपानीत बोलला. मी एकटा आलो, तर चालेल का? सावकाश बोलला, पण एकही अक्षर अडखळलं नाही. दुपारी स्टेशनांची नावं वाचताना ज्याची जीभ वळत नव्हती तो हाच माणूस होता. कौमुदीनं एवढ्या वर्षांत किती जणांना जपानी बोलताना ऐकलं होतं. जागच्या जागी जुळवलेलं वाक्य तिला लगेच कळायचं. हे जुळवलेलं नव्हतं. पाठ केलेलं होतं. कावासाकीच्या प्लॅटफॉर्मवर, आंघोळीच्या पाण्याखाली, कुठं कुठं त्यानं ते घोकलं असेल. तू नाही म्हणाली असतीस, असं तो म्हणाला होता ते उगीच नव्हतं. ती नाही म्हणणार हे धरूनच तो निघाला होता, आणि तरीही सहा खोल्यांतली एक तिला दाखवली होती.

ओइकावा-साननी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नीट विचार करून, वाक्य वाक्य सुटं करत ते बोलले. अंबरीष त्यांच्या तोंडाकडे जीव कानात आणून बघत होता. पण त्यानं प्रश्न तेवढा पाठ केला होता. उत्तर आलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तो कौमुदीकडे वळला.

‘काय म्हणाले ते?’

तिला पुन्हा गाळता आलं असतं.

‘चालेल म्हणतात,’ कौमुदी म्हणाली. ‘एकटी माणसंही येतात. हिवाळा कठीण जातो. म्हणून एकच गोष्ट बघतात, रोज सकाळी फोन करून चौकशी करणारं कुणीतरी हवं. उचलला नाही तर यांना कळवणारं.’

अंबरीषनं मान हलवली. तो चटईच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

‘कोण करेल?’ त्यानं विचारलं.

ओइकावा-सान थांबले होते, भाषांतर येईल म्हणून. हे जपानीत सांगायचं नव्हतं, तिला विचारलेलं होतं, आणि ते कळल्यावर कौमुदीला रडू फुटलं.